संध्याकाळची चाल

माझी नणंद घरात शिरली की तिचं पहिलं काम म्हणजे चष्मा काढणं. चपला नंतर, पर्स नंतर, आधी चष्मा. तो डबीत जायचा, डबी दाराजवळच्या कपाटावर, आणि मग वन्सं भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात यायच्या. नंबर एवढा मोठा की चष्म्याशिवाय त्यांना मी आणि फ्रिज सारखेच दिसत असणार. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, बाईंचं डोकं दुखत असेल. पण एकदा त्यांनी साखरेऐवजी मीठ घातलेला चहा माझ्यापुढे ठेवला, तेव्हा मी विचारलंच.

"वन्सं, घरात चष्म्याचं वावडं आहे का?"

"चष्मा असला की दिसतं, वहिनी," त्या म्हणाल्या. "आणि दिसलं की मला राहवत नाही."

वयाने त्या माझ्याहून मोठ्या, पण आमच्या ह्यांच्याहून धाकट्या. म्हणून मी वहिनी, आणि अगंतुगंही माझ्याच वाट्याला. लग्न त्यांनी केलं नाही. एक गृहस्थ त्यांच्यावर जीव टाकून होते म्हणे. पहिल्यांदाच दोघं बाहेर फिरायला गेले, तर थोडं चालल्यावर वन्संनी त्यांना विचारलं, डावा खुबा कधीपासून दुखतोय? गृहस्थ म्हणाले, मला काहीही दुखत नाही. ते पुन्हा आले नाहीत. पुढे त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं हे कानावर आलं, तेव्हा वन्सं म्हणाल्या, "डावाच ना?" आणि दळण निवडत बसल्या.

त्यांचं कामच ते. मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत मुलांचं एक तपासणी केंद्र आहे, तिथे त्या फिजिओथेरपिस्ट. ज्या मुलांचे हात थरथरतात, मान फिरते, पाय वाकडे पडतात, जी उगाचच पडतात, अशा मुलांना त्या आधी बघतात आणि काय दिसलं ते मेंदूच्या डॉक्टरांना सांगतात. लोकांना वाटतं, त्यात काय, मुलाला म्हणायचं चालून दाखव. वन्संना हे वाक्य ऐकवलं की त्या चिडतात. "चालून दाखव म्हटलं की मूल चालत नाही, दाखवतं," असं त्यांचं म्हणणं. त्या मुलाकडे ढुंकूनही बघत नाहीत. खोलीच्या दुसऱ्या टोकाला चेंडू ठेवलेला असतो, आणि कागदात डोकं खुपसूनच त्या म्हणतात, "तो चेंडू आण रे जरा." मग, "ती टोपली आण." मग, "अरे, टोपलीचं झाकण राहिलं." मूल बिचारं हमाली करत राहतं आणि ह्या चष्म्याच्या वरच्या काठातून सगळं टिपून घेतात. आया मुलांना नवे कोरे बूट घालून आणतात. वन्सं म्हणतात, जुने आणा, झिजलेले तळ बघायचेत.

हे सगळं मला माहीत होतं कारण जेवताना त्या दुसरं काही बोलायच्याच नाहीत. ऐकून ऐकून माझे कान किटले होते. पण घरातल्या माणसांकडे बघायचं नाही, हा त्यांचा नियम. तो त्यांनी कधी मोडला नाही, आणि त्या संध्याकाळपर्यंत मला त्याचं महत्त्वही कळलं नव्हतं.

आमच्या मुलीला घरात सगळे भिंगरी म्हणतात. चालायला लागली ती गरगर फिरायलाच लागली, म्हणून. पहिलीत गेली आणि तिने नवीन खूळ काढलं. सकाळी शाळेत जाताना तीन मजले उड्या मारत उतरायची. संध्याकाळी मात्र पाय घासत यायची, जिन्यात बसायची, अभ्यासाला बसवलं की खुर्चीवरून उठताना धडपडायची. बुटाचं म्हणाल तर उजव्या बुटाचं नाक महिन्याभरात झिजून गेलं. मी दुकानदाराशी कडाक्याचं भांडण करून तो जोड बदलून आणला. दुसऱ्याचंही तेच झालं. पुन्हा जायला मला तोंड नव्हतं, म्हणून मी तिच्यावर ओरडले.

आम्ही त्याला संध्याकाळची नाटकं म्हणायचो.

त्या दिवशी वन्सं ओट्याशी शेंगा सोलत होत्या. चष्मा कपाटावर होता. भिंगरी बाहेरच्या खोलीत इकडून तिकडे करत होती. वन्संचे हात थांबले.

"बाहेर कोण चालतंय?"

"कोण असणार? भिंगरी."

"एकटीच?"

"एकटीच. का हो?"

त्या मान जरा कलती करून ऐकत राहिल्या. मग मीही ऐकलं. एक पाऊल टप् वाजत होतं आणि दुसरं सर्र. टप्, सर्र. इतके महिने ते माझ्या कानांवर पडत होतं आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजत होते. वन्संनी हात पुसले, भिंतीला हात लावत दाराजवळ गेल्या, डबी उघडली आणि घरात चष्मा लावला.

"भिंगरी," त्या पेपरमध्ये बघत म्हणाल्या, "माझी पर्स आण गं जरा."

वाक्य साधंच होतं, पण ते कुणासाठी वापरतात हे मला पाठ होतं. भिंगरी पर्स घेऊन आली. "आता पेन आण." आणलं. "अगं, टोपण राहिलं." तेही आणलं. आणि पहिल्यांदाच मी माझ्या मुलीला चालताना पाहिलं. उजवं पाऊल आत वळलेलं, टाच अधांतरी, बोटांच्या टोकावर सगळा भार. चालताना उजवा हातही कोपरात दुमडून छातीशी येत होता, कुणीतरी दोरीने वर ओढल्यासारखा.

"नाटकं आहेत हो," मी म्हणाले. माझा आवाज मलाच खोटा वाटला. "अभ्यासाची वेळ झाली की सुरू होतं. चाल आहे तिची."

"चालच आहे," वन्सं म्हणाल्या.

एरवी अशा कोटीवर त्या स्वतःच हसल्या असत्या. त्या हसल्या नाहीत. त्या रात्री जेवल्याही नाहीत, पोट भरलंय म्हणाल्या. ह्यांनी विचारलं, "अगं, काय झालं?" तर म्हणाल्या, "काही नाही, दादा. उद्या हिला केंद्रावर आणा. सकाळी." मला खरी भीती वाटली ती त्या 'काही नाही'ची. कारण ही बाई आयुष्यात कधी कुणाला 'काही नाही' म्हणाली नव्हती.

केंद्रावर सगळी मुलं सकाळीच बघतात. मुलं तेव्हा ताजी असतात, रडत नाहीत, सांगितलेलं ऐकतात. नियम वन्संनीच घातलेला. आम्ही गेलो तेव्हा लांबलचक व्हरांड्यात आया बसल्या होत्या, आणि कुणीही कुणाच्या मुलाकडे बघत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा जमिनीवर. मीही जमिनीवर बघायला लागले. फरशीवर एक पिवळा पट्टा रंगवलेला होता, सरळ चालण्यासाठी. भिंगरी त्यावरून एका पायावर उड्या मारत गेली आणि आली. माझा जीव भांड्यात पडला. बघा, काही झालेलं नाही माझ्या मुलीला!

डॉक्टर शांत माणूस. त्यांनी तिला जमिनीवरून उठायला लावलं, बोट नाकाला आणि नाकावरून त्यांच्या बोटाला लावायला सांगितलं, मणी ओवायला दिले, गोगलगाईचं वेटोळं काढून घेतलं. गुडघ्यावर हातोडी मारली तेव्हा पाय जरा जास्तच उडाला, आणि भिंगरी खदाखदा हसली. घोटा हातात धरून ते बराच वेळ हलवत राहिले. वन्संकडे बघून म्हणाले, "किंचित ताठ आहे." एवढंच. मग मेंदूचा फोटो काढायला सांगितला.

मी बाहेर येऊन बसले. शेजारी चाकांच्या खुर्चीत कॉलेजच्या वयाची एक मुलगी होती. हात मनगटात मुडपलेले, मान एका बाजूला, पण डोळे मोठे चलाख. वन्सं खोलीबाहेर आल्या तशी ती म्हणाली, "मॅडम, आज नवी साडी? पाहुणे येणारेत की काय?" वन्संनी तिच्या डोक्यावर टपली मारली. त्या आत गेल्यावर ती माझ्याशी बोलायला लागली. बोलताना शब्द अडकत होते, तरी गप्पांची हौस दांडगी.

"तुमचीला काय होतंय?"

"संध्याकाळी पाय जरा वाकडा पडतो," मी म्हणाले.

"माझंही पायापासूनच सुरू झालं. पहिलीत होते. आई म्हणायची, नाटकं करते मेली." ती हसली. "आता म्हणते, चालण्याचं एवढं तरी नाटक कर."

तिच्या विनोदाला हसायचं असतं हेही मला सुचलं नाही. मी भिंगरीचा हात धरला आणि तो इतका घट्ट धरला की ती म्हणाली, "आई, दुखतंय."

फोटो स्वच्छ आला. मला वाटलं, सुटलो. वन्संचा चेहरा तसाच. बसमध्ये मी त्यांना छेडलंच. "फोटो चांगला आलाय ना? मग आता कशाला घाबरायचं?"

"त्या खुर्चीतल्या मुलीचाही चांगलाच होता," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "वहिनी, विचारू नकोस गं. मी आत्या म्हणून घाबरलेय. मला धड विचार करता येत नाहीये. परकं मूल असतं तर आतापर्यंत दहा गोष्टी सुचल्या असत्या."

त्यानंतरचे दिवस मला आठवायलाही नको वाटतात. मला संध्याकाळचीच दहशत बसली. ऊन भिंतीवरून सरकायला लागलं की मी घड्याळ बघायला लागायचे. सकाळची भिंगरी माझी होती, संध्याकाळची कुणी दुसरीच घरात येऊन पाय ओढत फिरायची. आमचे हे टीव्हीचा आवाज मोठा करायचे, म्हणजे ते टप्, सर्र ऐकू येऊ नये. मी एकदा भांडले त्यावरून. "तुम्हाला काय, कान झाकले की झालं!" ते म्हणाले, "मग काय झाकू, सांग."

वन्संनी डॉक्टरांच्या मागे धोशा लावला. ही मुलगी सकाळी बघण्यात अर्थ नाही, संध्याकाळीच बघायला हवी. केंद्र दुपारीच बंद होतं. पण डॉक्टर थांबायला तयार झाले. आदल्या दिवशी वन्संनी मला बजावलं.

"शाळा सुटली की मैदानावर ने. भरपूर खेळू दे. जिन्यावर उचलू नकोस. दमलेली, पडणारी, जशी आहे तशीच मला ती तिथे हवी. लाडात येऊ नकोस."

कुठल्या आईला असं काम सांगतात? मी मैदानाच्या कठड्यावर बसून माझ्या लेकीचं बिघडणं बघत होते. आधी ती पळाली. मग चालली. मग उजवं पाऊल आत वळायला लागलं. झोपाळ्यापाशी पडली, उठली, पुन्हा पडली. कुणी तिला ढकललंसुद्धा नव्हतं. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, बास ना." आणि मी म्हणाले, "अजून एकदा घसरगुंडीवर जा." हे वाक्य माझ्या तोंडून निघालं, आणि मला माझीच भीती वाटली.

बसला गर्दी नव्हती, पण पुढे रस्ता तुंबला होता. बस मुंगीच्या पावलांनी चालली होती. भिंगरी माझ्या मांडीवर आडवी झाली, तोंड माझ्या पोटात खुपसलं आणि झोपली. उठवायला हवं होतं, एवढं मला कळत होतं. दोनदा मी हात पुढे केला. पण दिवसभर मी तिला छळलं होतं. आता झोपही काढून घेऊ? झोपू दिलं. आमचा थांबा येईपर्यंत ती गाढ झोपली होती, लाळ गळेपर्यंत.

केंद्रात सामसूम होती. व्हरांड्यातला एकच दिवा चालू होता. डॉक्टर बाकावर वाट बघत बसले होते, वन्सं उभ्या. मी भिंगरीला खाली ठेवलं, तिने डोळे चोळले आणि पिवळ्या पट्ट्यावरून तरातरा चालत गेली. टाच, बोटं, टाच, बोटं. टोकाला जाऊन स्वतःभोवती एक गिरकी घेतली आणि परत आली.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. डॉक्टर एवढे थांबलेले आणि माझी मुलगी ठणठणीत. "शप्पथ सांगते, मैदानावर ती पडत होती," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. "खोटं नाही बोलत हो मी. नाटक नाहीये हे."

डॉक्टर म्हणाले, "ताई, शांत व्हा."

वन्सं मात्र माझ्याकडे बघत होत्या. मग भिंगरीच्या गालाकडे. गालावर माझ्या साडीची घडी उमटली होती.

"वहिनी, ही झोपली होती?"

आता ओरडा बसणार म्हणून मी मान खाली घातली. "झोपली. बसमध्ये. मला उठववलं नाही, वन्सं. चुकलं माझं."

"झोपायच्या आधी कशी चालत होती?"

"टेकतच नव्हती टाच. बसमध्ये चढवतानाही पाय आत वळला होता."

"आणि आता उठल्यावर ही अशी?" त्यांचा आवाज विचित्र झाला. त्या डॉक्टरांकडे वळल्या. डॉक्टर उठून उभे राहिले होते.

"दुपारी ही कधीच झोपत नाही का?" त्यांनी मला विचारलं.

"शाळा असते ना. आणि सुट्टीच्या दिवशी ही झोपतेय कसली."

"मी दमण्यावर ढकलत होते," वन्सं म्हणाल्या. त्या मला नव्हे, स्वतःलाच सांगत होत्या. "दमल्यावर सगळ्यांचंच वाढतं, म्हणून सोडून दिलं. पण दमलेला पाय एवढ्याशा झोपेने असा कोरा होत नाही."

मग आम्ही थांबलो. डॉक्टर तिच्याशी चेंडू खेळले, वन्संनी आणवायच्या होत्या तेवढ्या वस्तू आणवल्या. बाहेर अंधार पडला आणि हळूहळू, मी बघत असतानाच, तो पाय पुन्हा आत वळला. डॉक्टरांनी वाकून घोटा धरला. नंतर त्यांनी मला समोर बसवून सांगितलं. हालचालीसाठी मेंदू एक द्रव्य तयार करतो. काही मुलांचा मेंदू ते कमी करतो. झोपेत टाकी थोडी भरते आणि दिवसभरात रिकामी होते. तसं असेल, तर ते द्रव्य गोळीतून देता येतं. अगदी थोडं पुरतं आणि मूल चालतं.

"आणि तसं नसेल तर?" मी विचारलं.

"तसं असेल तर थोड्या दिवसांत कळेल," ते म्हणाले. मी पुन्हा विचारायचं धाडस केलं नाही.

गोळीचा तुकडा एवढासा, नखाएवढा. पहिल्या दिवशी तिला उलटी झाली आणि संध्याकाळी पाय होता तसाच. दुसऱ्या दिवशीही तसाच. मी वन्संना म्हणाले, "उपयोग नाही ना हो?" त्या म्हणाल्या, "थांब." त्यांना तरी दुसरं काय म्हणता येणार होतं? रोज त्या कामावरून येत, सरळ मोरीपाशी जात आणि भांडी घासायला घेत, स्वच्छ असलेली सुद्धा. भिंगरीकडे पाठ. जगातल्या पोरांची चाल बघणारी बाई, आपल्या भाचीकडे मान वळवून बघेना.

चौथ्या की पाचव्या संध्याकाळी शेजारची मुलगी भिंगरीला बोलवायला आली आणि दोघी आमच्या दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये गेल्या. मी उंबऱ्यात उभी राहिले. आत नळ वाहत होता.

"वहिनी," वन्संचा आवाज आला. "तू बघ. मला सांग."

"तुम्हीच या ना. मला काय कळतंय त्यातलं?"

"मला नाही बघवत. तू सांग. टाच टेकतेय?"

मी बघितलं. माझ्या डोळ्यांवर माझाच भरवसा नव्हता. "टेकतेय वाटतं."

"वाटतं नको सांगूस. टेकतेय का?"

"टेकतेय."

"हात? उजवा?"

"खाली आहे. नाही, आता वर गेला. थांबा, केस सारखे करतेय."

नळ वाहतच होता. पॅसेजमध्ये काहीतरी बाचाबाची झाली, धावाधाव झाली, मी एका बाजूला सरले आणि पुढच्याच क्षणी धपकन आवाज आला. आतला नळ बंद झाला.

"पडली?" वन्संनी विचारलं. आवाज ओळखू येत नव्हता.

"पडली."

भिंगरी उठली होती. गुडघा झटकत शेजारच्या मुलीवर कडाडत होती, तू मध्ये आलीस, आता राज्य तुझ्यावर. आणि जिन्याच्या दिशेने सुसाट सुटली.

"वन्सं," मी म्हणाले, "पळताना पडली. ती पळत होती हो."

मी आत वळून पाहिलं. वन्सं ओल्या हातांनी तिथेच फरशीवर बसल्या होत्या, पदर तोंडात धरून. तो त्यांनी बाजूला केला आणि म्हणाल्या, "पुन्हा सांग."